एक तृतीयांश, पण कशाचा?

मुळशीजवळ मुळा नदी अडवलेली आहे. धरणात साठलेलं पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडतात, तिथे त्याची वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते. हे पाणी नदीनेच वाहत आलं असतं, तर मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळालं असतं आणि दौंडवरून पुढे गेलं असतं. दौंड-शिरूरकडच्या बागायतदाराला हा हिशेब तोंडपाठ असतो, आणि उन्हाळ्यात तो जरा चढ्या आवाजात सांगितला जातो. टाटांनी हे धरण बांधायला घेतलं, तेव्हा मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांच्या पुढे होते. तीनेक वर्षं झुंज चालली, माणसं तुरुंगात गेली, आणि धरण झालंच. त्या विजेची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्या आणि रेल्वे.

गिरण्यांना लागणाऱ्या विजेपायी जमिनीचा झगडा असा घाटावर झाला. गिरण्यांच्या शेवटच्या काळात तो खुद्द त्यांच्याच आवारात झाला, लोअर परळ, लालबाग, वरळी, भायखळा इथे. लढणारे होते गिरण्यांत आयुष्य घातलेले कोकणातले आणि घाटावरचे कामगार, आणि चाळीत राहणारी त्यांची कुटुंबं. पण हा लढा १९८२ च्या संपाच्या सावलीत झाकून गेला आहे. संप फसला, गिरण्या गेल्या, टॉवर आले, अशी तीन वाक्यांत गोष्ट सांगून होते. मधली वीस-पंचवीस वर्षं गळतात. खरा डाव त्याच वर्षांत पडला, आणि तो एका साध्या अपूर्णांकाभोवती फिरत होता.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी उभी राहिली आणि दोन वर्षांनी ताडदेवला सूत निघू लागलं. पुढच्या शंभर वर्षांत ताडदेव ते दादर या पट्ट्यात गिरण्यांची इतकी दाटी झाली की त्या भागाला गिरणगाव हेच नाव पडलं. शेवटी शेवटी मोजल्या गेल्या त्या ५८ गिरण्या आणि त्यांच्याखालची सुमारे ६०० एकर जमीन. १९९० च्या आसपास ही जमीन म्हणजे बेटावर वसलेल्या जुन्या मुंबईत एकगठ्ठा उरलेला शेवटचा मोठा तुकडा होता. ती घेतली गेली तेव्हा शहराच्या कडेला होती. शहर वाढलं आणि ती बरोबर मध्यावर आली.

गिरणगाव म्हणजे नुसत्या चिमण्या आणि भोंगे नव्हेत. एका खोलीत पाळ्या बदलून झोपणारे गावकरी, गावमंडळांच्या खोल्या, खाणावळी चालवणाऱ्या बाया, व्यायामशाळा, भजनी मंडळं, शाहिरी आणि लाल बावट्याच्या सभा हे सगळं त्यात आलं. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा इथल्या कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. १९२८ चा संप सहा महिने चालला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्त्यावर उतरले ते मुख्यतः हेच लोक. ‘मुंबई महाराष्ट्राची’ हे त्यांनी पाठीवर लाठ्या घेऊन म्हटलं होतं. त्यामुळे पुढे जमिनीचा प्रश्न आला तेव्हा त्यांचा आवाज नुकसानभरपाई मागणाऱ्या अर्जदाराचा नव्हता.

कायद्याने मात्र त्यांचे हात बांधले होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एका उद्योगात एकच संघटना प्रातिनिधिक मानली जाई, आणि मालकाशी बोलण्याचा अधिकार तिलाच असे. कापडगिरण्यांत ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं. बहुसंख्य कामगार दुसऱ्या कुणाच्या पाठीशी गेले तरी कागदावर बदल होणं जवळजवळ अशक्य होतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं यांच्या जोडीला हा कायदा रद्द करा, ही त्यांची मोठी मागणी होती. ना सरकार हललं, ना मालक. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. लाखाहून अधिक माणसं पुन्हा कामावर घेतली गेली नाहीत, आणि त्यांतले कितीतरी जण सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर, रत्नागिरीच्या गाड्या पकडून गावी गेले.

दौंडसारख्या रेल्वेच्या गावात या गोष्टीचा एक धागा चटकन कळेल. रेल्वे कामगाराचं क्वार्टर नोकरीला बांधलेलं असतं. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात सरकारने याच दोरीला हात घातला आणि ठिकठिकाणी संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. गिरणी कामगार बहुतेक खासगी चाळीत, सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीत किंवा इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या इमारतीत भाडेकरू होता. गिरणीच्या आवारातल्या चाळी होत्या, पण त्यांत राहणारे थोडे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडेकरू कामगाराची खोली शाबूत होती. नोकरी गेली तरी पत्ता राहिला, आणि पत्ता राहिला म्हणून गिरण्या बंद पडल्यावरही माणसं जमवता आली. गिरणगावचा लढा संपानंतर तीस वर्षं तगला याचं निम्मं कारण या शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोल्यांत आहे, असं म्हटलं तर वावगं ठरू नये.

संपानंतर १९८५ चं केंद्राचं वस्त्रोद्योग धोरण आलं. आजारी गिरणी चालवत बसण्याचं बंधन सैल झालं. औद्योगिक आणि वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे गिरण्यांची प्रकरणं जाऊ लागली आणि तिथे एक ठराविक उपाय निघू लागला: थोडी जमीन विका, त्या पैशातून गिरणी उभी करा, कामगारांची देणी भागवा. ऐकायला हे वाजवी होतं. गिरणी उभी करण्यापेक्षा जमीन विकण्यात जास्त पैसा आहे हे एकदा ध्यानात आल्यावर गिरणी उभी करण्याचं कलम कागदावर राहणार, हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला काही गिरण्यांनी सरळ टाळं ठोकलं. तिथले कामगार संपात हरलेले नव्हते. संपानंतर ते कामावर गेले होते आणि एका सकाळी त्यांना फाटक बंद दिसलं. २ ऑक्टोबर १९८९ ला त्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. पुढे आले मॉडर्न मिलचे दत्ता इस्वलकर. कम्युनिस्ट पुढारी डांगे किंवा सामंतांसारखं वलय त्यांच्याभोवती नव्हतं. सावकाश बोलणारा, कागद नीट वाचणारा आणि कुठल्याही पक्षाच्या पुढाऱ्याच्या दारात जायला न लाजणारा हा माणूस होता. समितीची रीतही वेगळी पडली. सदस्यसंख्या दाखवून मान्यता मिळवण्याच्या फंदात ती पडली नाही. उपोषणं, धरणी, मोर्चे, मंत्रालयाच्या खेपा, कोर्टात अर्ज, वास्तुविशारद आणि पत्रकारांना सोबत घेणं, अशी सगळ्या बाजूंनी ती काम करत राहिली. पुढे तिने बंद हा शब्द गाळला आणि गिरणी कामगार संघर्ष समिती झाली, कारण चालू गिरण्यांवरही तीच पाळी येणार हे दिसू लागलं होतं.

१९९१ साली बृहन्मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातला ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनींबद्दल होता. तोवर ही जमीन औद्योगिक वापराची. तिथे घरं-दुकानं बांधायची सोय नव्हती. नव्या नियमाने दार उघडलं, पण वाटणी ठरवून. साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला मैदानं-बागा आणि सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेली एक तृतीयांश मालकाला विकायला. जमिनीच्या आकाराप्रमाणे टक्केवारी थोडी खाली-वर होत होती, पण ढोबळ हिशेब तिघांत सारखा.

शहराच्या दृष्टीने हा सौदा वाईट नव्हता. मालकांना मात्र तो परवडेना. नियमात एक फट होती: जुनं बांधकाम पाडलं तरच वाटणी द्यावी लागे, आतल्या आत वापर बदलला तर नाही. मग सूतखात्याच्या जागी कचेऱ्या आल्या, गोदामात स्टुडिओ आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी बोलिंग ॲली सुरू झाली तेव्हा कामगारांच्या रागाचा भडका उडाला. त्यांचं म्हणणं होतं की गिरणी चालवण्याच्या बोलीवर परवानग्या घेतल्या आणि साच्यांच्या जागी करमणुकीचा धंदा काढला. फाटकाबाहेर मोर्चे निघाले. देणी न मिळालेला माणूस बाहेर आणि आत एका खेळाला त्याच्या जुन्या आठवड्याच्या पगाराएवढा खर्च करणारी पोरं, हे चित्र वर्तमानपत्रांनी उचललं. त्याआधी गिरण्यांच्या जमिनीची बातमी आतल्या पानावर असायची.

मधल्या काळात रक्तही सांडलं. भायखळ्याची खटाव मिल हलवून तिथली जमीन मोकळी करण्याचा बेत होता. ७ मे १९९४ ला मिलचे मालक सुनीत खटाव यांची भर रस्त्यात, गाडीत गोळ्या घालून हत्या झाली. जमिनीच्या व्यवहारात टोळ्या उतरल्या आहेत ही दबकी चर्चा त्या दिवसापासून उघड झाली. १६ जानेवारी १९९७ ला पवईत दत्ता सामंतांना मारेकऱ्यांनी गाठून ठार मारलं. संपाला पंधरा वर्षं पुरी व्हायला दोन दिवस होते.

१९९६ साली राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. खासगी मालकांनी दारं उघडली नाहीत, त्यामुळे अभ्यास झाला तो राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे एनटीसीच्या, २५ गिरण्यांचा. कोरियांनी सुचवलं ते थोडक्यात असं: प्रत्येक गिरणीची जमीन सुटी सुटी कापू नका. सगळ्या एकत्र धरा, मोकळ्या जागा एकमेकींना जोडा, परळच्या स्टेशनांभोवती चालायला जागा ठेवा, मग बांधा. सुटी वाटणी केली तर महापालिकेच्या पदरात ठिकठिकाणची चिंधी पडेल, हे त्यांनी नकाशावर दाखवलं. अहवाल कपाटात गेला. मुंबईच्या नियोजनाच्या इतिहासात न वापरलेले अहवाल पुष्कळ आहेत. पण यातला नकाशा आज उघडून बघितला तर जरा जास्त वाईट वाटतं, कारण तो अमलात आणायला तेव्हा जमीन शिल्लक होती.

इकडे चळवळ पसरत होती. संघर्ष समितीच्या जोडीला गिरणगाव बचाव आंदोलन उभं राहिलं, मग गिरणगाव रोजगार हक्क समिती आली. मागण्यांची यादी लांबत गेली: थकलेला पगार, फंड, ग्रॅच्युइटी, आवारातल्या चाळीतून कुणालाही हलवू नका, नव्या मॉलमध्ये, कचेऱ्यांत कामगारांच्या मुलांना नोकऱ्या द्या, आणि गिरणीच्या जमिनीवर कामगाराला घर द्या. ही शेवटची मागणी सुरुवातीला अनेकांना अवाजवी वाटली. कामगाराचा मालकाशी संबंध पगाराचा, जमिनीशी त्याचं काय नातं, असा सवाल होता. चळवळीचं उत्तर साधं होतं. जमीन सवलतीत मिळाली ती उद्योग चालवायला आणि लोकांना काम द्यायला. उद्योग बंद करायचा असेल तर सवलतीचा हिशेब ज्यांच्या नावावर ती घेतली त्यांच्याशीही व्हायला हवा.

२० मार्च २००१ ला नियम ५८ बदलला. राज्यात तेव्हा विलासराव देशमुखांचं सरकार होतं. नव्या नियमाचे दोन चेहरे होते. पहिला हसरा: म्हाडाच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीवर गिरणी कामगारांना घरं मिळतील, ही तरतूद पहिल्यांदा नियमात आली. बारा वर्षांच्या लढ्याचं ते फळ होतं. दुसरा चेहरा ओळखायला लोकांना वेळ लागला. तिघांत वाटणी आता गिरणीच्या सगळ्या जमिनीची होणार नव्हती. आवारात जेवढी जमीन बांधकामाविना मोकळी असेल, तेवढ्याचीच होणार होती.

आकडेमोड करून बघितली की फरक डोळ्यांत भरतो. समजा दहा एकरांची गिरणी आहे आणि तिच्या शेडनी आठ एकर व्यापले आहेत. जुन्या नियमाने म्हाडाला सव्वातीन एकर मिळाले असते. नव्या नियमाने मोकळ्या दोन एकरांचा तिसरा हिस्सा, म्हणजे पाऊण एकरही नाही. कापडगिरणी हा पसरट धंदा. ओळीने साचे, वर करवतीच्या दात्यांसारखी छपरं, त्यामुळे आवारात मोकळी जागा मुळातच थोडी. कामगाराला घराचा हक्क आणि त्या घराखालची जमीन काढून घेणं, ही दोन्ही कामं एकाच अधिसूचनेने केली. सरकारी मसुद्यांत हुशारी नसते असं म्हणणाऱ्याने हा मसुदा वाचावा.

२००५ साली एनटीसीने गिरण्या लिलावात काढल्या. ज्युपिटर मिल २७६ कोटींना गेली. दादरची कोहिनूर क्रमांक ३ गेली ४२१ कोटींना. घेणाऱ्यांत माजी मुख्यमंत्री मनोहर जोशींच्या चिरंजीवांची कंपनी आणि राज ठाकरे यांची भागीदारी होती. मराठी माणसाच्या नावाने राजकारण झालेल्या शिवसेना भवनासमोरच ही जमीन, त्यामुळे गिरणगावात या सौद्याची चर्चा जरा जास्तच तिखट झाली. सतरा एकरांची मुंबई टेक्स्टाइल मिल डीएलएफने ७०२ कोटींना घेतली. सात वर्षांनी त्यांनी तीच जमीन लोढांना २,७२७ कोटींना विकली. तोवर तिथे काही उभं राहिलेलं नव्हतं.

२००५ सालीच बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मुद्दा हाच: मोकळी जमीन म्हणजे कोणती? बांधकाम पाडल्यावर जी मोकळी होते तीसुद्धा धरायची की नाही? याचिका चालू असताना २६ जुलैचा पाऊस झाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, शहर बुडालं, आणि पाणी मुरायला मोकळी जमीन लागते हे सांगायला तज्ज्ञ साक्षीदारांची गरज उरली नाही. १७ ऑक्टोबर २००५ ला उच्च न्यायालयाने निकाल दिला: पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरा. गिरणगावात त्या वर्षीची दिवाळी आधीच आली.

पण कामगारांच्या बाजूलाही सगळे एकाच सुरात नव्हते, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. एनटीसीची देणी जमीन विकून भागायची होती. विक्री अडली की साठीच्या माणसाचा धनादेश अडतो. मान्यताप्राप्त संघटनेचा कल व्यवहार पुढे जाऊ देण्याकडे होता. पर्यावरणवाल्यांना मैदानं हवीत आणि आम्हाला पैसे, असा काही कामगारांचा सूर होता, आणि घरी औषधांची बिलं थकलेल्या माणसाला तो सोडा असं कुणी सांगावं? संघर्ष समितीला या दोन टोकांच्या मध्ये चालावं लागलं. देणी द्याच आणि जमीनही सोडू नका, हे म्हणणं बरोबर होतं. गर्दीला समजावून सांगायला ते अवघड होतं.

७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. २००१ चा नियम सरकारने वाचला तसाच कायम झाला. थांबलेली कामं सुरू झाली आणि पुढच्या दहा वर्षांत लोअर परळ ओळखू येईना. माणसं हजारोंनी वाढली, रस्ते आणि स्टेशनं मात्र तीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तीन महिन्यांनी कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जणांचा जीव गेला. दोन्हींची तात्कालिक कारणं वेगळी होती आणि सगळं खापर एका नियमावर फोडणं बरोबर नाही. तरी कोरियांनी स्टेशनांभोवती चालायला जागा मागितली होती, ती याच पट्ट्यात.

एका गिरणीची गोष्ट निराळी झाली, आणि ती कोर्टात झाली नाही. दादरच्या चैत्यभूमीला लागून इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड क्रमांक ६, साडेबारा एकर. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक व्हावं ही मागणी बरीच वर्षं होती. ६ डिसेंबर २०११ ला, महापरिनिर्वाण दिनी, आनंदराज आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन सेनेचे कार्यकर्ते सरळ आत शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. वर्षभरात केंद्राने सगळी जमीन स्मारकाला द्यायचं मान्य केलं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये भूमिपूजन झालं. नियम ५८ च्या वाटणीत साडेबारा एकर अखंड सार्वजनिक जमीन कधी मिळाली नसती. गिरणी कामगारांच्या मोर्चांपेक्षा या मागणीमागे मतांची भीती मोठी होती, हा त्यातला व्यवहारी भाग.

घरांचं काय झालं? २८ जून २०१२ ला म्हाडाने पहिली सोडत काढली: ६,९२५ घरं, प्रत्येकी २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. गावाकडून आलेली, धोतर-टोपीतली माणसं त्या दिवशी वांद्र्याला पडद्यावर आपलं नाव शोधत बसली होती. जगातल्या बहुतेक औद्योगिक शहरांत कारखाना गेला की कामगारही शहराच्या नकाशावरून जातो. लंडनच्या गोदीत ऐंशीच्या दशकात तेच झालं. रहिवासी आणि संघटनांनी पर्यायी आराखडे मांडले, पण तिथे शेवटी कॅनरी वॉर्फच्या काचेच्या इमारती उठल्या. मुंबईत निदान काही हजार कामगारांना, ते ज्या जमिनीवर राबले तिथेच, बावीस मजल्यांवर का होईना, घर मिळालं. ही घटना लहान मानू नये.

मात्र हिशेब इथेही अपूर्णांकातच राहिला. २०१६ साली दोन सोडती झाल्या, त्यातली २,४१७ घरं पनवेलजवळ कोनला, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) योजनेतली. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४ घरं निघाली. सगळी मिळून १५,८७०. अर्ज होते पावणेदोन लाखांच्या घरात. कोनच्या घरांची ताबापावती हाती यायच्या आधी कोविड आला. सरकारने तिथे विलगीकरण केंद्र थाटलं, आणि घरं परत मिळाली तेव्हा दुरुस्तीला आली होती. पैसे भरून बसलेल्या म्हाताऱ्यांनी किल्लीसाठी आणखी वर्षं मोजली. पात्रता ठरवायला गिरणीचा तिकीट नंबर, हजेरी कार्ड, फंडाची पावती, विमा योजनेचं कार्ड लागे. संपानंतर गावी गेलेल्या माणसाच्या पत्र्याच्या पेटीत यातलं काही उरलेलं असलं तर नशीब. एकदा तर कागद गोळा करण्याचा आणि तपासण्याचा व्याप हीच चळवळ होऊन बसली, आणि तो व्याप इस्वलकर, त्यांचे सहकारी आणि इतर संघटनांनी तालुक्या-तालुक्यात मेळावे घेऊन निस्तरला. ७ एप्रिल २०२१ ला इस्वलकर गेले.

गिरणगावातल्या लोकांनी या सगळ्यातून एक धडा मात्र पक्का घेतला, आणि तो बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात दिसला. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या या २०७ इमारती: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. एप्रिल २०१७ मध्ये म्हाडाच्या हाताने त्यांच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं आणि पाचशे चौरस फुटांचं घर फुकट मिळणार असं जाहीर झालं. एवढं ऐकून लोकांनी पेढे वाटले नाहीत. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या रहिवाशांनी सर्वेक्षणालाच विरोध केला. आधी प्रत्येकाशी लेखी, नोंदणीकृत करार करा, मग घर रिकामं मागा. देखभालीचा निधी किती आणि कोण देणार ते कागदावर आणा, असा त्यांचा हेका होता. अधिकाऱ्यांना ती अडवणूक वाटली. गिरणीच्या फाटकाबाहेर उभं राहिलेल्या बापाचा मुलगा याहून वेगळं वागला असता तरच नवल. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

गिरणी कामगारांच्या उरलेल्या घरांसाठी मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. ८१ हजार घरं, शेलू आणि वांगणीला. दोन्ही स्टेशनं बदलापूर आणि कर्जतच्या मधली. या निर्णयात आणखी एक खोच होती: तिथलं घर नाकारलं तर कामगाराचा हक्कच संपेल. ९ जुलै २०२५ ला चौदा संघटना आझाद मैदानावर एकत्र आल्या. एकमेकींशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या संघटना त्यांत होत्या. मागण्या दोनच: घर नाकारल्यास हक्क जाण्याची ती अट काढा, आणि घरं मुंबईत द्या. मोर्चात चालणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले होते, आणि त्यांच्याहून जास्त होत्या विधवा आणि वारस. सरकारने अट काढून टाकण्याचं मान्य केलं. मुंबईत जमीन कुठे आहे, या प्रश्नाला संघटनांनी एनटीसीच्या अजून बंद पडून असलेल्या गिरण्यांची यादी पुढे केली. त्या जमिनी केंद्राच्या, त्यामुळे पुढची खेप दिल्लीला घालावी लागणार होती.